धाकट्याच्या आवाजातला ओलावा

हरेश्वरभाई कुठल्याही वस्तूशी ओळख करून घेताना आधी तिला टिचकी मारतात. कलिंगड, माठ इथपर्यंत ठीक आहे, ती आपण सगळेच मारतो. हे गृहस्थ कपाटाला मारतात, हेल्मेटला मारतात, लग्नात आहेर आलेल्या कुकरला मारतात. आमच्याकडे नवा फ्रीज आला तेव्हा सगळ्या आळीने त्याचा रंग पाहिला, आतले कप्पे पाहिले. हरेश्वरभाईंनी त्याच्या कुशीत मधल्या बोटाने एक टिचकी मारली, मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाले, "चालेल. पण उजवीकडे जरा हलका आहे." तेव्हापासून माझी बायको नीता दुधाचं पातेलं डावीकडे ठेवते. मला टक्कल पडल्यापासून मी त्यांच्यासमोर टोपी घालून बसतो. टिचकीची भीती नाही. ऐकून काय म्हणतील, त्याची आहे.

ही सवय त्यांना नोकरीतून लागली. डहाणूत फुग्यांचे कारखाने आहेत, त्यातल्या एकात ते माल तपासायचे. फुगा फुगवायचा, नखाने टिचकी मारायची आणि आवाजावरून तो कुठे पातळ आहे ते ओळखायचं. असं त्यांनी आयुष्यभर केलं. आता आयुष्यभर फुगे फुगवलेला माणूस कसा हसरा, गोलमटोल, पोराबाळांत रमणारा असेल असं आपल्याला वाटतं. हरेश्वरभाई तसे नाहीत. ते काडीसारखे आहेत आणि माणसं दिसली की त्यांना वाडीतलं काहीतरी काम आठवतं. डहाणूतच मल्याणला आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याशी जे काही बोलणं केलं ते, एक तो फ्रीज सोडला तर, फाटकाच्या जाळीतून. फाटक उघडायचा प्रश्नच नव्हता.

त्या घरात माणसं यायची ती इंदूकाकींकडे. काकी तलासरीकडच्या शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावरही त्यांच्याकडे कोणी ना कोणी असायचंच. जुने विद्यार्थी लग्नाच्या पत्रिका घेऊन, बायका लोणच्याची चव दाखवायला, मुलं गणितं अडली म्हणून. पुढच्या दाराने पाहुणा आत आला की मागच्या दाराने हरेश्वरभाई चिकूच्या झाडांत जायचे. पाहुणा गेला की परत यायचे. दोघांचा संसार या दोन दारांच्या वाटणीवर उत्तम चालला होता.

दिवाळीनंतर काकी विहिरीच्या पायरीवरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. वापीला ऑपरेशन झालं. घरी आल्यावर त्यांचा पलंग बाहेरच्या खोलीत लावला. सगळी आळी समाचाराला आली, शहाळी आली, बिस्किटांचे पुडे आले. मग हळूहळू येणं थांबलं. काकी खिडकीकडे तोंड करून पडून असायच्या. टीव्ही चालू असायचा, पण त्याच्याकडे त्यांचं लक्ष नसायचं.

त्यांची मुलगी वडोदऱ्याला असते. तिने आईची करमणूक व्हावी म्हणून पाच स्पीकर आणि धपधप वाजणारा एक मोठा खोका पाठवून दिला आणि फोनवर सांगितलं, "पप्पा, आता नुसता रिसीव्हर घ्या, मग घरात थिएटर होईल." रिसीव्हर म्हणजे ज्याला टीव्ही आणि सगळे स्पीकर जोडायचे तो मुख्य डबा. मुलीने जितक्या सहज सांगितलं तितक्या सहज हरेश्वरभाईंनी आयुष्यात काहीच घेतलेलं नाही. घरातली कढई घेताना त्यांनी दुकानातल्या सगळ्या कढया वाजवल्या होत्या. दुकानासमोर लोक आरती सुरू झाली समजून थांबले होते.

ते तलासरीला हायवेवरच्या दुकानात गेले आणि रिक्षातून एक नाही, दोन रिसीव्हर घेऊन आले. दुकानदार ओळखीचा. तो म्हणाला होता, दोन्ही वाजवून बघा, एक ठेवा, एक परत द्या. एक मोठा, जड, पुढे गोल बटणं असलेला. दुसरा बुटका, हलका. हरेश्वरभाईंनी लगेच त्यांची बारशी केली: थोरला आणि धाकटा. संक्रांतीचे दिवस होते. काकींनी पलंगावर बसूनच दोघांच्या कपाळाला हळदीकुंकवाचं बोट लावलं. यंत्राला कपाळ कुठे असतं हे काकींना बरोबर कळलं.

मी फाटकाच्या जाळीतून विचारलं, "काय भाई, लावला का?"

"घाई कसली? पिकू दे."

चिकू झाडावरून उतरवला की लगेच खातो का आपण? बारदानात, पेंढ्यात घालून ठेवतो, मग त्याला गोडी येते. यंत्राचंही तसंच, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही रिसीव्हर काही दिवस बारदान पांघरून कोपऱ्यात पिकत पडले. मी घरी येऊन हसलो. नीता म्हणाली, "हसू नका. तुम्ही नवे बूट घेतलेत ते दिवाळीपासून खोक्यात आहेत, ते काय नासताहेत?"

मग एक दिवस आळीला धक्का बसला. संध्याकाळी हरेश्वरभाई इस्त्रीचा शर्ट घालून फाटकात उभे होते आणि फाटक उघडं होतं.

"अरुण, ये," ते म्हणाले. "मत पाहिजे."

मी मागे वळून पाहिलं. माझ्यामागे कोणी दुसरा अरुण नव्हता.

आत टेबलावर शेजारी शेजारी दोन उंचवटे, दोन्हींवर काकींच्या जुन्या साड्या पांघरलेल्या. रूप पाहून मत बनू नये म्हणून. "आवाजाला तोंड नसावं," हे भाईंचं तत्त्व. समोर खुर्च्या मांडलेल्या, बाजूला पलंगावर काकी उशीला टेकून बसलेल्या. भाई टेबलामागे वाकायचे, तारांची थोडी खुडबुड करायचे, खोकायचे आणि वर येऊन जाहीर करायचे, "हा थोरला." मग पुन्हा खुडबुड, पुन्हा खोकला, "हा धाकटा."

आणि वाजवायचं काय? गाणी नाहीत. गाणं लागलं की लोक गाणं ऐकतात, आवाज ऐकत नाहीत. भाईंनी मोबाइलवर स्वतः आवाज भरून आणले होते. पापड भाजताना तडतडतो तो. थंडीत सुरू न होणारी एसटी. कुकरची शिट्टी. सुरूच्या झाडांतला वारा. आणि भरतीचं पाणी किनाऱ्याला लागतं तो आवाज, जो त्यांनी चपला हातात घेऊन पाण्यात उभं राहून भरला होता. धाकटी डहाणू या शेजारच्या गावच्या जमनाबाई मासे द्यायला आल्या होत्या, त्यांनाही आत बसवलं. भरती सुरू झाली, मागच्या स्पीकरमधून पाणी खळाळत आलं, तशी जमनाबाईंनी बोलता बोलता जमिनीवरची टोपली उचलून मांडीवर घेतली. सगळे हसले. जमनाबाई शांतपणे म्हणाल्या, "हसा. बोंबील काय तुमचे भिजणार होते?"

काकीही हसल्या. पडल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

परीक्षा घ्यायची तर शिक्षिका पाहिजे, तेव्हा मुख्य परीक्षक काकी झाल्या. मत द्यायला उभं राहावं लागायचं. नुसतं छान म्हटलेलं चालायचं नाही.

"कारण दे," काकी म्हणायच्या.

मी पहिल्याच दिवशी उभा राहिलो आणि कुठून शब्द आले देव जाणे, म्हणालो, "थोरला स्पष्ट आहे, पण कोरडा. धाकट्याच्या आवाजात एक ओलावा आहे."

हरेश्वरभाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू कारखान्यात एखादा निर्दोष फुगा सापडला असावा. काकी म्हणाल्या, "शाब्बास. बस." मला शाळेत कोणी शाब्बास म्हटलेलं नाही. त्या रात्री मी दोनदा भात घेतला.

दुसऱ्या संध्याकाळी मी बोलावणं नसताना गेलो. तिसऱ्या संध्याकाळी फरसाणवाले प्रवीणभाई आले आणि त्यांनी थोरल्याची बाजू घेतली. "अरुणभाई, ओलावा काय करायचाय? भेजवाळा पापड कोण खाते? पापड तो कुरकुरीतच पाहिजे ने," असं म्हणून त्यांनी माझ्या मताला मुळातच सुरुंग लावला. मग काय, आळीत दोन पक्ष झाले. थोरलावाले खिडकीकडे बसायचे, धाकटावाले दाराकडे. प्रवीणभाई आपल्या पक्षासाठी शेव-गाठिया आणायचे. आमच्या पक्षातले दोघेजण गाठियापायी फुटले. मी तत्त्वाला धरून राहिलो, कारण मला ॲसिडिटी आहे. भाई स्वतः कोणाच्याच बाजूने नसत. दोन्हीकडचं ऐकून घेत, मान हलवत आणि म्हणत, "अजून पिकलं नाही. उद्या परत ऐकू."

एकदा मी नीतालाही नेलं. तिने दोन्ही ऐकले आणि सरळ सांगितलं, "मला तर दोन्ही सारखेच वाटतात."

प्रवीणभाईंनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या दिवसांत आमचं एकमत झालं ते तेवढंच. घरी येताना मी तिला समजावलं, सगळ्यांना कान असतो असं नाही, त्यात वाईट वाटून घेऊ नये. ती म्हणाली, "मला वाईट वाटलं नाही. घरात गॅस बंद करा म्हणून मी चारदा ओरडते ते तुम्हाला ऐकू येत नाही, आणि तिथे जाऊन पापडातला ओलावा ऐकता, त्याचं नवल वाटतं."

संक्रांत गेली, शिवरात्र गेली, होळी झाली. आळीच्या मनात एकच प्रश्न: निकाल कधी? काकींची तब्येत मात्र सुधारत होती. आवाज पहिल्यासारखा खणखणीत झाला होता. प्रवीणभाईंना त्या उभं ठेवायला लागल्या होत्या.

आणि अशात मी तो विचार केला, जो आमच्या घराण्यात कोणी केला नव्हता. आपणही एक घ्यावा. एवढा कान देवाने दिलाय, तो जन्मभर फुटक्या टीव्हीवर का घालवावा? आणि घ्यायचा तर कुठला यात शंकाच नव्हती. नीताला काही न सांगता मी सुट्टीच्या दिवशी एसटीने तलासरी गाठली.

दुकानदार भला माणूस. "आवो, आवो," म्हणाला. मी खुर्चीत बसून सांगितलं, "हरेश्वरभाईंकडे तुमचे दोन रिसीव्हर आहेत ना, त्यातला छोटा मला पाहिजे. मोठ्याचं नाव काढू नका."

"का, मोठ्यात काय खराबी?"

"कोरडा आहे."

त्याने जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग उठून काचेच्या कपाटातून एक बुटका डबा काढून माझ्यासमोर ठेवला. "हा बघा. हाच एक पीस आहे. हरेश्वरभाईंकडेच होता. पण कोरा समजा, त्यांनी फार वापरलाच नाही."

"तसा नाही, तस्सा दुसरा," मी म्हणालो. "त्यांचा त्यांच्याकडेच आहे. काल संध्याकाळीच ऐकला मी."

"काल?" दुकानदार म्हणाला. "हा तर त्यांनी शिवरात्रीच्या आधीच पाछा आणून दिला. मोठा ठेवला."

मी डब्याकडे पाहिलं. पुढच्या बाजूला, बरोबर कपाळाच्या जागी, हळदीकुंकवाचं वाळलेलं बोट होतं.

"मग पॅक करू?" त्याने विचारलं.

मी विचार करून सांगतो म्हणालो आणि बाहेर येऊन हायवेच्या कडेला उभा राहिलो. शिवरात्रीपासून ज्या ओलाव्यावर मी व्याख्यानं देत होतो तो ओलावा तलासरीत काचेच्या कपाटात बंद होता. मी भाषणं केली होती. प्रवीणभाईंशी भांडलो होतो. एकदा तर डोळे पुसले होते, सुरूच्या वाऱ्याला. एसटीत खिडकीशी बसून मी ठरवलं की आज सगळ्यांसमोर त्या साड्या उचलायच्या. माझी लाज गेली तर जाऊ दे, पण जाताना हरेश्वरभाईंचीही घेऊन जाईल.

संध्याकाळी पोचलो तेव्हा भाई फाटकात उभे होते. "उशीर केलास," म्हणाले. "तुझा पक्ष वाट बघतोय." आत खुर्च्या भरलेल्या. प्रवीणभाई उभे राहून कुकरच्या शिट्टीबद्दल बोलत होते आणि काकी त्यांना म्हणत होत्या, "विषय सोडू नका, मुद्द्यावर या." भाई चहा करायला स्वयंपाकघरात गेले. मी मागोमाग गेलो.

"भाई, मी तलासरीला गेलो होतो."

ते कात्रीने गवती चहाची पात कापत होते. "कशाला?"

"धाकटा घ्यायला."

कात्री थांबली. "मिळाला?"

"मिळाला. कपाटात. हळदीकुंकवासकट."

त्यांनी पात पातेल्यात टाकली, गॅस बारीक केला. "मग घेतलास का?"

"भाई, साडीखाली काय आहे?"

"तांदळाचा डबा," ते म्हणाले. तोंडावर काहीही नाही. "चौकोनी आहे, बसतो बरोबर."

माझा आवाज चढला असावा, कारण त्यांनी हाताने खाली कर अशी खूण केली. मग पातेल्याकडे बघत बोलायला लागले. फाटकाच्या जाळीशिवाय इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"दोन्ही सारखेच होते रे. पहिल्याच दिवशी कळलं मला. तुझी बायको बरोबर बोलली. पण त्या दिवशी तू आलास, जमनाबाई आली, ही हसली. दुसऱ्या दिवशी तू आपला आपणच आलास. निकाल लावला असता तर तिसऱ्या दिवशी कोण आलं असतं? ही पडली तेव्हा अख्खी आळी आली. शहाळी ठेवायला घरात जागा नव्हती. परत कोण आलं?" त्यांनी चहा ढवळला. "कोणाची चूक नाही. रीतच तशी आहे. समाचाराला माणूस एकदा येतो. मत द्यायला रोज येतो."

मी कप मांडायला लागलो.

"दुकानदार मागायला लागला, एक देऊन टाकला. तिला कळू देऊ नकोस. लोक मशीन ऐकायला येतात असं वाटतंय तोवर ती तोऱ्यात आहे. आपल्याला आजारी समजून येतात असं कळलं ना, की भिंतीकडे तोंड करून झोपेल."

कप भरायला ते वळले तेव्हा मी बाहेर आलो. माझ्या पक्षाने दाराजवळची खुर्ची राखून ठेवली होती, पण मी काकींच्या पलंगाशी स्टुलावर बसलो. प्रवीणभाईंचा मुद्दा अजून यायचा होता. काकींनी माझ्याकडे न बघता हळू आवाजात विचारलं, "तलासरीला गेला होतास?"

मी दचकलो. "तुम्हाला कसं कळलं?"

"तोंडावरून. गृहपाठ न केलेली पोरं अशी बसायची." मग हनुवटीने टेबलाकडे खूण केली. "तुम्ही सगळे समोरून बघता. माझ्या बाजूने साडी आखूड पडते. माझा तांदळाचा डबा मला ओळखू येणार नाही का?"

"मग काकी, तुम्ही..."

"गप्प बस. त्यांना वाटतं मला माणसं लागतात म्हणून हे सगळं चाललंय. लागतात, नाही कोण म्हणतं. पण मी उद्या काठी घेऊन चालायला लागेन, जाईन कुठेही. डॉक्टरांनी सांगितलंय." त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "आयुष्यभर हा माणूस पाहुणा आला की मागच्या दाराने गेला. आता चार वाजल्यापासून शर्ट घालून बसतो. अरुण आला नाही अजून, प्रवीणभाईंना कमी साखर लागते, जमनाबाईंना खुर्ची नको, पाट लागतो. सगळं पाठ झालंय. मी बरी झाले की याचं काय करायचं, ती काळजी आहे मला."

तेवढ्यात भाई चहाचा ट्रे घेऊन आले. कप वाटले. मग टेबलामागे वाकले, खुडबुड केली, खोकले आणि वर आले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"हा धाकटा," ते म्हणाले.

पापड तडतडायला लागला. मी डोळे मिटून खरोखरच कान देऊन ऐकलं. पापड चांगला भाजत होता, एवढंच मला सांगता आलं असतं.

"अरुण," काकी खणखणीत आवाजात म्हणाल्या. "उभा राहा. मत?"

मी उभा राहिलो. माझा पक्ष माझ्याकडे बघत होता, प्रवीणभाई गाठिया हातात धरून थांबले होते. टेबलामागे हरेश्वरभाई एका तारेची गाठ सोडवत होते. तिला मुळात गाठ नव्हती.

"आज मला थोरलाही बरा वाटतोय," मी म्हणालो. "नक्की सांगता येत नाही. उद्या परत ऐकावं लागेल."

आमच्या बाजूने ओरडा झाला, गद्दार वगैरे. प्रवीणभाई म्हणाले, "जुओ, मी बोलतच होतो." जमनाबाई म्हणाल्या, "ह्यांचं काही खरं नाही, उद्या मीच येते नि सांगते."

"कारण?" काकींनी विचारलं. चेहरा अगदी परीक्षकाचा.

"कारण अजून पुरतं कळलेलं नाही, काकी."

"बरं. बस."

मी बसलो. गडबडीत माझा चहा राहिला होता. ट्रेमध्ये शेवटचा एकच कप उरला होता, भाईंचा. त्यांनी तो उचलला, क्षणभर हातात धरला आणि माझ्यासमोर आणून ठेवला. मग रिकामा ट्रे काखेत घेऊन, भांडणाऱ्या त्या सगळ्यांच्या मधोमध, एक खुर्ची ओढून बसले.